स्मूदनिंग सोडून मूळच्या कुरळ्या केसांकडे: कापावेत की वाढू द्यावेत?

सांजबट

मंडळी, केसांचा धागा आहे. ज्यांना अशा विषयांचा वैताग येतो त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझे केस मूळचे कुरळे. कॉलेजात असताना पहिल्यांदा स्मूदनिंग केलं, म्हणजे पार्लरमध्ये रसायनं लावून केस सरळ करून घेतले, तेव्हापासून दरवर्षी टच-अप ठरलेलं. गेल्या दिवाळीपासून मात्र केलेलं नाही. दरवेळी सात-आठ हजारांना फोडणी बसते हे एक कारण. दुसरं म्हणजे कपाळाच्या कडेचे केस तुटून तुटून नुसती लव उरलीये. आणि खरं सांगायचं तर मुळाशी जे काही उगवतंय ते मला आवडायला लागलंय.

सध्याची अवस्था अशी की कानापर्यंत कुरळे आणि तिथून पाठीपर्यंत सरळसोट. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, वर मॅगी, खाली शेवया.

तुळशीचं लग्न झालं की भावाचं लग्न आहे आणि मी करवली. आई आणि मावशी दोघींचं एकच टुमणं, "आता एकदाच करून घे, फोटो जन्मभर राहतात. मग घाल काय घालायचा तो गोंधळ." मला करायचं नाहीये, हे पक्कं. पण आत्ताच सरळ भाग उडवून टाकू, की लग्नापर्यंत असंच रेटू? रेटायचं तर हे दोन जातींचे केस एका डोक्यावर सांभाळायचे कसे? पुण्यात कुरळे केस धड कापणारं कुणी माहीत असेल तर विपूत (विचारपूशीत) सांगा.

चिंगी_कोथरूड

कापून टाक. लग्न भावाचं आहे, केसांचं नाही.

मी_मोहोळकर

चिंगी, तू मावशीला भेटलेली दिसत नाहीस.

अवनी_बाणेर

मी न कापता वाढवले, म्हणून सविस्तर लिहिते. शक्य आहे, पण चिकाटी लागते.

जिथे कुरळा केस संपून सरळ सुरू होतो तो सांधा सगळ्यात कमजोर. केस तुटतो तो बहुतेक तिथेच. त्यामुळे कोरडे केस विंचरणं पूर्ण बंद. न्हाताना भरपूर कंडिशनर लावायचं, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर. मुळाकडून खाली ओढलात की कंगव्यात नुसती झिपरं. दर दीड-दोन महिन्यांनी दोन-दोन बोटं सरळ भाग कमी करत गेले, त्यामुळे एकदम बदल झालाय असं कुणाला वाटलंच नाही.

दिसण्याचं म्हणाल तर टोकं कुरळ्यांशी जुळवून घ्यायची. रात्री केस दमट असताना चार-पाच सैल वेण्या घालायच्या आणि टोकं सुती कापडाच्या चिंध्यांवर गुंडाळून गाठ मारायची. सकाळी सोडलं की खालचा भागही वळलेला असतो. आजीच्या काळचा उपाय, एक पैसा खर्च नाही. मात्र पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे आधीच सांगते. श्रावणात तर दुपारच्या जेवणापर्यंतच.

हेल्मेटचा त्रास सगळ्यात जास्त. आत साटीनचा रुमाल बांधून मग हेल्मेट. पुण्यात तसंही आपण स्कार्फ गुंडाळून डाकूच झालेल्या असतो, एक रुमाल जास्त.

सांजबट

अवनी, चिंध्यांचं आज रात्रीच करून बघते. एक शंका. सरळ भाग आपोआप कधीच कुरळा होणार नाही का? पार्लरवाली म्हणाली होती की "सहा महिन्यांत उतरतं."

रसायनीकर

ती केराटिन ट्रीटमेंटबद्दल बोलत असणार. ती आणि स्मूदनिंग, दोन्हींत फरक आहे.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातल्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात आणि केसाचा आकार पक्का राहण्यात या बंधांचा मोठा वाटा असतो. स्मूदनिंग किंवा रीबाँडिंगच्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, ते हे बंध तोडतं. (तो कुजक्या अंड्यासारखा वास आठवत असेल.) मग केस इस्त्रीने सरळ करायचे आणि दुसरं द्रावण, बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइडचं, लावून बंध नव्या जागी बांधायचे. डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो, तो स्वतःहून काही दुरुस्त करत नाही. म्हणजे तो भाग कापला जाईपर्यंत सरळच राहणार. 'उतरतं' ते काही नाही, मुळाशी नवा केस येतो इतकंच.

केराटिन ट्रीटमेंट प्रामुख्याने बाहेरून थर चढवते आणि ती काही महिन्यांत धुऊन निघते. पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मॅल्डिहाइड सुटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. डोळे चुरचुरतात ते यामुळेच. 'फॉर्मॅल्डिहाइड-फ्री' लिहिलेल्यांपैकी काहींत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका बाईबद्दल छापून आलं होतं, तिला दर वेळी ही ट्रीटमेंट केल्यावर मूत्रपिंडाला इजा झाली होती. तेव्हा डबीवर 'फ्री' आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

खडकीचा_काका

आमचे केस केव्हाच निसर्गाकडे गेले. परत आले नाहीत.

चिंगी_कोथरूड

काका 😂

अटलांटावासी

इथे अमेरिकेत हा विषय फारच मोठा आहे, म्हणून थोडं अवांतर.

आपलं स्मूदनिंग आणि इथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या ते रिलॅक्सर, दोन्ही एक नव्हेत. रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड ग्वानिडीन कार्बोनेटमध्ये मिसळून लावतात. पीएच बाराच्या पुढे, म्हणजे जहाल अल्कली. लावताना डोकं खाजवलेलं असेल तर जळतं. माझी सहकारी सांगते, त्यांच्याकडे मुलीला पाच-सहा वर्षांची असल्यापासून लावायचे, आणि 'थोडं भाजलं तरी बसून राहा' हे आईचं ठरलेलं वाक्य. तिने अखेर सगळं कापलं, दीड इंच केस ठेवून ऑफिसला आली. याला इथे 'बिग चॉप' म्हणतात. हे नुसतं फॅशनपुरतं नाही. नैसर्गिक केस किंवा वेण्या ठेवल्या म्हणून शाळेतून घरी पाठवणं, नोकरी नाकारणं असे प्रकार इतके होते की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध क्राउन अॅक्ट नावाचा कायदा केला. नंतर बऱ्याच राज्यांनी केला.

एक महत्त्वाचं, हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर आणि थायोग्लायकोलेटचं स्मूदनिंग एकाच केसावर चालत नाही. केस हातात येतो. कुणी बाहेरून मागवून घरी प्रयोग करणार असेल तर करू नका.

आणि हो, २०२२ मध्ये इथे अभ्यास आला की केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग जास्त आढळला. सांजबट, तू सोडलंस ते बरं केलंस.

आकडेमोड

असं अर्धवट सांगून घाबरवू नका. तो अभ्यास ३३,४९७ बायकांचा, जवळपास अकरा वर्षांचा. कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. वर्षातून एकदा टच-अप करणारी पुण्यातली मुलगी या दुसऱ्या गटात बसत नाही. शिवाय एकत्र आढळणं आणि त्यामुळेच होणं या दोन गोष्टी आहेत. कुठलं उत्पादन, त्यात नेमकं काय, हेही त्यात नोंदवलेलं नव्हतं.

अटलांटावासी

आकडे बरोबर. पण दीडचे चार म्हणजे अडीचपट होतात, ते क्षुल्लक आहे असंही म्हणू नका.

आकडेमोड

क्षुल्लक म्हणालो नाही. वर्षातून किती वेळा, ते बघा म्हणालो.

मी_मोहोळकर

🍿

कात्रीवाली

मी इतके दिवस रोमात होते, नुसती वाचत होते, पण हा माझा धंदा आहे म्हणून लिहिते. पार्लरमध्ये काम करते, कुठल्या ते विचारू नका.

स्मूदनिंगला पार्लर इतकं रेटतात कारण एका खुर्चीवर एका दुपारी तेवढे पैसे दुसऱ्या कशात सुटत नाहीत. आम्हाला महिन्याचं टार्गेट असतं. कुरळ्या केसांची मुलगी नुसती ट्रिमला आली तरी "मॅम, केस खूप ड्राय आहेत" हे वाक्य पाठ करून घेतलेलं असतं. कुरळे केस मुळात कोरडेच दिसतात. टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, तो काही आजार नव्हे. मला शिकवताना कुरळे केस कसे कापायचे हे शिकवलंच नव्हतं. ओले करा, ताणा, सरळ रेषेत कापा. मग सुकल्यावर केस तीन बोटं वर चढतो आणि गिऱ्हाईक रडतं.

तेव्हा सांजबट, कुणाकडेही गेलीस तरी आधी विचार, "कोरड्यावर कापता का?" मूळचे कुरळे आहेत तिथवर कोरड्यावर, बट बघून कापायला सांग. "आधी ब्लो-ड्राय करू" म्हणाले तर उठून ये. आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर ना? केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो. आत्ता कापलेस तर तोवर आणखी चार-पाच सेंटीमीटर हाताशी येतील. लग्नाच्या आठवड्यात कापायला जाऊ नकोस, घोळ झाला तर निस्तरायला वेळ नाही.

सांजबट

कात्रीवाली, तुम्ही विपू बघा 🙏

वाघोलीची_विहीर

अवांतर आहे, पण कुणी पाण्याबद्दल का बोलत नाहीये? मी सदाशिव पेठेत आईकडे राहत होते तोवर माझे केस उत्तम होते. लग्न होऊन वाघोलीला आले, सोसायटीत टँकर आणि बोअरवेल. नळावर पांढरा थर, गीझर वर्षात गेला, आणि केस चार धुण्यांत चरचरीत. स्मूदनिंग केलं ते त्याच वैतागाने.

पेठेतला_पोपट

सगळं चांगलं पेठेतच असतं, हे आम्ही सांगतोय कधीचे.

वाघोलीची_विहीर

पोपटराव, पार्किंग सोडून.

रसायनीकर

विहीरताई, मुद्दा रास्त आहे. खडकवासल्यातून येणारं धरणाचं पाणी तुलनेने मऊ, बोअरवेलचं बरेचदा दुष्फेन. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, साबणाचा फेस होत नाही आणि कुरळ्या केसांत ते जास्त जाणवतं. मात्र मीटर लावून टीडीएस बघून ठरवू नका, त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा, तो क्षार धरून बाहेर काढतो. किंवा शेवटच्या मगात चिमूटभर लिंबूफूल. जास्त नको, टाळू चुरचुरेल.

जवसाची_चटणी

आयडीला जागून लिहिते. बाजारातली जेल महाग वाटत असतील तर जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाण्याला फेस येऊन ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागतं. चमच्यावरून धार लांब सुटली की लगेच बंद. गरम असतानाच गाळायचं, निवलं तर दगडही गाळला जाईल पण हे नाही. मी जुना नायलॉनचा पायमोजा ठेवलाय त्यासाठी (धुतलेला!!), त्यात ओतून वरून खाली पिळत यायचं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. वास बदलला की फेकायचं.

ओल्या केसांवर, अगदी पाणी टपकत असताना लावायचं आणि मुठीने खालून वर चुरगाळायचं. सुकल्यावर केस कडक लागतात, घाबरायचं नाही. पूर्ण वाळले की तळहाताला थेंबभर खोबरेल लावून परत चुरगाळायचं, कडकपणा मोडतो आणि बट राहते.

आमच्या सासूबाईंनी फ्रीजमधली बाटली बघून विचारलं, "हे कशात घालायचं?" मी म्हटलं डोक्यात. त्यांना वाटलं मी उलट बोलले.

चिंगी_कोथरूड

😂😂 वारले.

सरळसाधी

मला एक कळत नाही. नैसर्गिक नैसर्गिक म्हणायचं आणि मग लीव्ह-इन, जेल, डिफ्यूझर, साटीनची उशी, सुती टी-शर्टात केस गुंडाळणं, सल्फेट नको, सिलिकॉन नको, प्रोटीन जास्त झालं, ओलावा कमी झाला. माझी बहीण रविवारी न्हायला गेली की घरातलं एकमेव बाथरूम दीड तास बंद. स्मूदनिंगवाली पंधरा मिनिटांत तयार होऊन बाहेर पडते. सोपं काय आहे ते प्रामाणिकपणे सांगा की.

मी स्वतः स्मूदनिंग करते, मला आवडतं, आणि त्यात मला स्वतःचा द्वेष वगैरे काही वाटत नाही.

अवनी_बाणेर

द्वेष कुणी म्हणालंच नाहीये इथे. पण खर्चाचा मुद्दा मान्य. पहिल्या वर्षी मीही दिसेल ती बाटली घेतली होती. आता शाम्पू, कंडिशनर, जेल, संपलं. साटीनची उशी म्हणजे तरी काय, रविवार पेठेतून मीटरभर कापड आणि चार टाके.

सरळसाधी

तीन गोष्टीत भागत असेल तर ठीक. बहिणीला हा धागा पाठवते.

दोन_वेण्या

माझी मुलगी नऊ वर्षांची. केस माझ्यासारखेच, घट्ट कुरळे. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, त्यावर आक्षेप नाही. पण एकही बट बाहेर दिसली तरी वहीत शेरा येतो, 'केस नीट बांधून पाठवणे.' सकाळी सव्वासहाला मी पाणी मारून, तेल चोपडून, ओढून वेण्या घालते. रिक्षात बसेपर्यंत कानामागून बटा सुटलेल्या असतात. परवा तिने विचारलं, "आई, मी मोठी झाले की मलाही तुझ्यासारखे करता येतील ना?" कारण माझे गेली कित्येक वर्षं रीबाँडेड. तिने माझे खरे केस पाहिलेलेच नाहीत.

शेऱ्याखाली सही करते मी दर वेळी. या खेपेला खाली लिहिलं की केस बांधलेले आहेत, ते असेच आहेत. अजून उत्तर नाही.

अटलांटावासी

❤️

कात्रीवाली

ताई, वेणी ओढून घालू नका. कपाळाच्या कडेचे केस रोज ताणले तर ते मागे जातात आणि फार वर्षं चाललं तर परत येत नाहीत. कंडिशनर लावून ओलेपणीच सैल वेणी घाला, वरून थोडं जेल. बट सुटली तर सुटली.

गजरेवाली_आत्या

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला की. करवली आहेस ना? मग एवढी काळजी कशाला, मोकळे सोडणार आहेस का नऊवारीवर? छान अंबाडा घाल, वर दोन पदरी गजरा. कुरळ्या केसांचा अंबाडा फुगीर बसतो, आत स्टफिंग लागत नाही. केस खांद्यापर्यंतच असतील तर तुळशीबागेत गंगावन घे. आमच्या लग्नात निम्म्या जणींनी लावलेलं असायचं आणि फोटोत सगळ्यांच्या वेण्या कमरेपर्यंत. घेताना मात्र सरळ गंगावन घेऊ नकोस, आपल्या केसाशी जुळणारं बघ, दुकानदार पाच-सहा दाखवतो. भर दुपारी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

मी_मोहोळकर

आत्या, मावशीचं काय करायचं?

गजरेवाली_आत्या

मावशीला पण गंगावन घ्यावं.

सांजबट

आत्या, मोकळे सोडायचा विचार मनातही आला नव्हता, पण हे सगळं आधी सुचलं नाही खरं. अंबाडाच घालायचा तर लांबी कशासाठी राखतेय मी?

रविवारी कात्रीवालींनी सुचवलेल्या मुलीकडे गेले होते. कोरड्यावरच कापले, एकेक बट धरून. मानेपर्यंत आणलेत, खाली चार बोटं सरळ टोकं अजून आहेत, ती दिवाळीत काढू म्हणाली. मान हलकी वाटते आणि बाजूने वारं लागतं. आईने आधी दोन दिवस काही म्हटलं नाही. काल म्हणाली, "लहानपणी अशीच होतीस. तेव्हाही विंचरायला बसायची नाहीस." मावशीला अजून फोटो पाठवलेला नाही, धीर करतेय.

एक शंका उरलीच. सरळ टोकं जेल धरत नाहीत, वरच्या बटा मस्त बसतात आणि खाली शेपट्या लोंबतात.

अवनी_बाणेर

टोकं बोटाभोवती गुंडाळून चिमटा लाव, वाळेपर्यंत. ड्रायरला डिफ्यूझर (हवा पसरवणारं तोंड) असेल तर पंधरा मिनिटं, नसेल तर पंख्याखाली बसून वेबसिरीज.

दोन_वेण्या

मी पण टच-अपची अपॉइंटमेंट रद्द केली आज. जवस उकळायला ठेवलेत. नायलॉनचा पायमोजा नाहीये घरात, चहाची गाळणी चालेल का?

जवसाची_चटणी

चालेल. पण मग त्या गाळणीतून चहा गाळायचा नाही. गॅस बारीक करा आणि इथून उठा, उतू जातं ते.